दया नको, फळ्यावरचं मोठ्याने वाचा!

बाबासाहेबांच्या शाळेतला फळ्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गातल्या सवर्ण मुलांनी गलका केला. कारण काय, तर फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते! आधी डबे हलवले गेले, मग भीमरावांचा खडू फळ्याला लागला. त्याआधी साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि शिपाई आला नाही तर दिवसभर पाणी मिळत नसे.

दर १४ एप्रिलला आपण हे प्रसंग सांगतो आणि त्यातून जातीचं क्रौर्य दाखवतो. ते बरोबरच आहे. पण या प्रसंगांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण फारशी बोलत नाही. भीमरावांचं नाव हजेरीपटावर होतं. प्रवेश मिळालेला होता. तरीही फळा त्यांच्यापासून दूर होता. म्हणजे शाळेत प्रवेश मिळणं ही एक गोष्ट आणि शाळेत जे शिकवलं जातं त्याच्यापर्यंत पोहोचता येणं ही दुसरी गोष्ट. सरकार पहिल्या गोष्टीचे आकडे छापतं. दुसऱ्या गोष्टीची मोजणी कोणी करत नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात सामाजिक काम करते. समाजशास्त्रात एम.ए. केलं, तेव्हा ‘सामाजिक बहिष्करण’ हा शब्द परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या शाळांनी शिकवला. तिथे आजही अशी मुलं बसलेली आहेत, ज्यांचं नाव हजेरीपटावर आहे, खिचडी मिळते, गणवेश मिळतो, दरवर्षी वरच्या वर्गात ढकललं जातं; पण फळा त्यांच्यासाठी नाहीच. ही अंध आणि अल्पदृष्टी असलेली मुलं आहेत.

“ताई, आधी आपले प्रश्न तर सुटू द्या!”

एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “ताई, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आदिवासींच्या जमिनी जात आहेत. त्यात हा अंधांचा विषय कुठे घेऊन बसता? त्याच्यासाठी संस्था आहेत की.”

या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे, कारण तो एकट्याचा प्रश्न नाही.

पहिलं उत्तर असं की हे आपलेच प्रश्न आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ५० लाखांहून अधिक लोकांना दृष्टीचं अपंगत्व आहे. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि त्या जनगणनेत साक्षरता साधारण ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. ज्या जिल्ह्यात डोळस मूलच शाळेत टिकत नाही, तिथे अंध मुलाचं काय होत असेल?

शिवाय आंधळेपण आकाशातून पडत नाही. ते बऱ्याचदा गरिबीच्या वाटेने येतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडं पडतं आणि शेवटी नजर जाते. त्याला प्रतिबंध म्हणून नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी एक असे अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस द्यायचे असतात. पण ज्या घरातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, त्यांच्या कडेवरच्या मुलाचे डोस पूर्ण होणार कसे? जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर झालं तर मूल पाहू शकतं, उशीर झाला तर ऑपरेशन होऊनही मेंदू बघायला शिकत नाही. श्रीमंताच्या घरात तो ‘आजार’ असतो, आपल्या घरात तो ‘नशीब’ होतो.

दुसरं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलं आहे. २७ एप्रिल २०२१ ला ‘पटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या खटल्याचा निकाल लागला. अत्याचार झालेली तरुणी जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. न्यायालयाने सांगितलं की जात, लिंग आणि अपंगत्व यांचा जाच वेगवेगळा मोजता येत नाही. ते एकमेकांत मिसळून एक वेगळाच जाच तयार होतो. म्हणजे अंध आदिवासी मुलगी ‘आधी आदिवासी, मग मुलगी, मग अंध’ अशी रांगेत उभी नसते. ती एकाच वेळी सगळं असते. मग आपली चळवळ तिला कोणत्या रांगेत थांबायला सांगणार?

वर्गात नेमकं काय होतं

तिसरीच्या एका वर्गात मी मागे बसून होते. गुरुजी मनापासून शिकवणारे. फळ्यावर वजाबाकी लिहिली आणि म्हणाले, “हे बघा, यातून हे गेलं, इथे हा हातचा घेतला, की हे आलं.” माझ्या शेजारी बसलेला मुलगा जन्मापासून अंध. त्याने मला हळूच विचारलं, “मॅडम, यातून म्हणजे कशातून?”

या एका प्रश्नात सगळा विषय आला. गुरुजींनी “बावन्नमधून सतरा वजा करायचे आहेत, दोनमधून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा केला” असं म्हटलं असतं, तर त्या मुलाला गणित कळलं असतं. खर्च शून्य. लागली असती फक्त सवय. जे फळ्यावर लिहाल ते तोंडाने बोला. ‘हे’, ‘ते’, ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द टाळा. मुलाचं नाव घेऊन प्रश्न विचारा, नुसतं बोट दाखवू नका. वर्गातल्या बाकांची जागा बदलली तर त्याला आधी सांगा. दार एक तर पूर्ण उघडं ठेवा नाही तर पूर्ण बंद, अर्धवट दार म्हणजे कपाळाला टेंगूळ. आणि गंमत अशी की फळ्यावरचं मोठ्याने वाचलं की मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही गणित जास्त समजतं.

दुसरा गट अल्पदृष्टी असलेल्या मुलांचा. यांची अवस्था काही बाबतींत जास्त वाईट, कारण यांचा त्रास कोणाला दिसतच नाही. मूल चालतं, खेळतं, पण वही नाकाला लावून वाचतं. फळ्यावरचं लिहून घेत नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतं, म्हणून मार खातं. ‘ढ’, ‘आळशी’, ‘कॉपी करणारा’ असे शिक्के बसतात. गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली ‘स्टिग्मा’ नावाचं पुस्तक लिहून सांगितलं की शिक्का माणसाच्या अंगात नसतो, तो बघणाऱ्यांच्या नजरेत असतो. आपल्याला हे सांगायला गॉफमन लागत नाही. आपल्या आजोबांना विचारलं तरी पुरे. या मुलांसाठी करायचं ते साधं आहे. पहिल्या बाकावर, पण खिडकीकडे तोंड करून नाही, कारण उजेड डोळ्यांवर आला की दिसणारंही दिसेनासं होतं. फळा काळा रंगवलेला, खडू पांढरा, अक्षर मोठं. वहीत जाड काळ्या पेनाच्या रेघा. आणि सगळ्यात आधी नेत्रतपासणी. कित्येकांचा प्रश्न फक्त चष्म्याचा असतो! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमधून मुलांची तपासणी करायचीच आहे. आपल्या गावात पथक कधी आलं, कोणत्या मुलांना पुढे पाठवलं आणि ती मुलं खरंच पोहोचली का, एवढी चौकशी कोणताही कार्यकर्ता करू शकतो.

तिसरी गोष्ट सातपुड्याची आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात सापडत नाही. इथल्या मुलाची घरची भाषा भिली, पावरी किंवा मावची. पहिलीत आल्यावर त्याला मराठी येत नाही. मग ते चित्रावरून शब्द ओळखतं. चित्रातलं झाड दिसतं, खाली ‘झाड’ लिहिलेलं असतं, दोन्ही जुळतं. अंध मुलाकडे भाषाही नाही आणि चित्रही नाही! त्याच्यासाठी वर्ग म्हणजे परक्या भाषेतला आवाज. म्हणून त्याच्या हातात वस्तू दिली पाहिजे: मक्याचं कणीस, मोहाचं फूल, विळा, मडकं. आणि ती वस्तू हातात असताना तिचं नाव आधी त्याच्या भाषेत, मग मराठीत. नकाशा शिकवायचा असेल तर पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नर्मदा आणि तापी करता येतात, डाळीचे दाणे चिकटवून गावं करता येतात. मी हे केलेलं आहे. अख्खा वर्ग तो नकाशा चाचपायला येतो.

चांभाराच्या आरीतून निघालेली लिपी

ब्रेल लिपीचा इतिहास आपल्या मुलांना सांगितला पाहिजे, कारण तो आपला वाटतो. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मला. बाप घोड्यांचं खोगीर आणि लगाम बनवणारा चर्मकारागीर. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी आरीसारखं हत्यार घेऊन खेळत होता, ते डोळ्यात घुसलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधांच्या संस्थेत शिकताना, पंधरा वर्षांचा असताना, त्याने सहा टिंबांची लिपी रचली. आणि ती लिहायची कशी? तर टोकदार सळईने कागदावर टिंबं टोचून! ज्या तऱ्हेच्या हत्याराने नजर गेली, तशाच हत्याराने लिपी लिहिली गेली.

पण हे इतक्यावर संपत नाही. त्या संस्थेच्या डोळस चालकांना ती लिपी नको होती. एका संचालकाने ती बंदच करायचा प्रयत्न केला. मुलं चोरून लिहीत राहिली. लुई १८५२ साली वारला आणि संस्थेने ती लिपी अधिकृत केली १८५४ साली. अक्षर कोणी शिकायचं आणि कोणत्या अक्षरात शिकायचं हे वरचे ठरवतात, आणि खालचे चोरून शिकतात. ही गोष्ट फक्त भारतातली नाही.

आपल्याकडे १९५१ साली भारती ब्रेल ठरली. तिचा गुण असा की मराठी ‘क’, हिंदी ‘क’ आणि गुजराती ‘ક’ची टिंबं एकच. कागदावरच्या लिप्या वेगळ्या, बोटाखालची लिपी एक. ज्या जिल्ह्याची अर्धी मजुरी गुजरातमध्ये होते, तिथे हे किती कामाचं आहे विचार करा. (गुजराती अक्षर इथे मुद्दाम दाखवलं, देवनागरीत ते ‘क’च.) आज मोबाइलमध्ये टॉकबॅक आहे, संगणकावर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे, आणि तो दोन अंध तरुणांनी ऑस्ट्रेलियात सुरू केला आहे. पण ऐकून शुद्धलेखन येत नाही. डोळस मुलाला आपण ‘नुसतं ऐक, वाचू नको’ म्हणत नाही. मग अंध मुलाला का म्हणायचं?

मनूचा हिशोब आणि आपला

अंध मुलाच्या आईला गावात हमखास एक वाक्य ऐकावं लागतं: “गेल्या जन्मीचं काहीतरी असेल.” हे वाक्य आलं कुठून? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितलं आहे की दिवा चोरणारा आंधळा जन्मतो. नवव्या अध्यायात जन्मांध आणि बहिऱ्यांना वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाट्यातून वगळलं आहे. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावं असं म्हटलं आहे. म्हणजे हक्क काढून घ्यायचा आणि दया द्यायची. हा हिशोब ओळखीचा वाटतो ना? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात हेही होतं. १९२८ साली कायदा करून अपंगांना वारसाहक्कातून वगळण्याची ही रीत बहुतांशी मोडावी लागली. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारला. त्यामुळे बौद्ध वस्तीत, विहाराच्या ओट्यावर बसून कोणी अंध मुलाच्या आईला ‘गेल्या जन्मीचं’ म्हणत असेल, तर त्याने धम्म घेतला, पण मनू सोडला नाही.

दयेचा दुसरा चेहरा नावात दिसतो. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या अखेरीस वरून आला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला: आम्हाला दिव्य काही नको, हक्क द्या. आपल्याला हे नवीन नाही. ‘हरिजन’ या गोड शब्दाच्या विरोधात बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी १९३८ साली मुंबई विधानसभेतून सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचं नाव चिकटवलं की हक्क मागायची गरज उरत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांचीच ही भाषा.

हक्क कागदावर आहे, तो काढून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कार्यकर्त्याने त्यातली चार कलमं तरी पाठ ठेवावीत. कलम १६: शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेनुसार सोय करायची आणि अंध मुलाला योग्य भाषेत व पद्धतीने शिकवायचं. कलम १७: दर पाच वर्षांनी मुलांचं सर्वेक्षण, शिक्षकांचं प्रशिक्षण, अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक. कलम ३१: चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिक्षण. कलम ३४: सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. हे समांतर आरक्षण आहे. आदिवासी अंध उमेदवार आपल्या प्रवर्गातूनच मोजला जातो. इथे कोणाचा घास कोणी काढून घेत नाही.

‘पसंतीने’ हा शब्द महत्त्वाचा. दूरच्या शहरातली निवासी अंधशाळा चांगली असू शकते. तिथे ब्रेल पक्की होते, काठी घेऊन चालणं शिकता येतं. पण सहा वर्षांचं पावरी बोलणारं मूल घर आणि भाषा सोडून जातं, तेव्हा त्याची किंमतही मोजली पाहिजे. पालकांना दोन्ही वाटा खऱ्या असतील तरच ती पसंती. गावच्या शाळेत सोयच नसेल आणि मग ‘अंधशाळेत टाका’ म्हटलं, तर ती वेगळी पंगत झाली.

आणि ‘अंधांना हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव सांगा. सहाव्या वर्षी नजर गेली. २०१६ साली यूपीएससी उत्तीर्ण झाल्या, तर रेल्वेच्या सेवेने अंधत्वाचं कारण सांगून नाकारलं. पुढच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं की केवळ अंध म्हणून कोणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून बाद करता येणार नाही.

आपण काय करायचं

एक, लेखनिक व्हा. दहावी-बारावीच्या वेळी पाड्यावरच्या मुलाला लेखनिक मिळत नाही आणि वर्ष वाया जातं. प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा तरुणांची यादी हवी. लेखनिकाची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी असा नियम साधारण असतो, म्हणून नववी-अकरावीतली मुलंही यादीत घ्या. काम एवढंच: प्रश्न पूर्ण वाचायचा, तो सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल घालायची नाही. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, ती मागून घ्यायची. आणि लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रापुरता नाही, हे ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात ठरलं आहे. यात कमीपणा कसला? अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची नजर आणि प्रकृती खालावली होती, तेव्हा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रत नानकचंद रत्तू टाइप करत होते. विचार बाबासाहेबांचे, बोटं रत्तूंची.

दोन, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी कुटुंबासोबत जा. डोंगरातल्या माणसाची एका खेपेत मजुरीही बुडते आणि भाडंही जातं. कागद आधीच तपासून नेले तर दुसरी खेप वाचते.

तीन, आपलं साहित्य वाचता येईल असं करा. बाबासाहेबांचे विचार आपण फोटोवर छापून व्हॉट्सॲपवर फिरवतो. स्क्रीन रीडरला तो नुसता ‘फोटो’ असतो. जुन्या फॉन्टमधली किंवा नुसती स्कॅन केलेली पीडीएफही त्याला वाचता येत नाही. युनिकोडमध्ये मजकूर टाइप करा, फोटोखाली तोच मजकूर लिहा. एका अंध विद्यार्थ्याने मला सांगितलं, “ताई, ग्रुपवर रोज जय भीम येतं, पण बाबासाहेब काय म्हणाले ते मला कधीच कळत नाही.” ज्याने ग्रंथांसाठी घर बांधलं, त्याचे ग्रंथ आपल्याच पोराला बंद असावेत?

चार, भाषणातला ‘अंधभक्त’ हा शब्द सोडा. त्या मुलांना तो शब्द कळतो. ज्याला डोळे असून सत्य बघायचं नाही, त्याचा दोष न बघू शकणाऱ्याच्या माथी का? ‘भक्त’ म्हटलं तरी अर्थ पोहोचतो.

पाच, शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसं असतात. पुढच्या बैठकीत फक्त तीन प्रश्न विचारा: आपल्या शाळेत नीट न दिसणारी मुलं किती? समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक गेल्या महिन्यात किती वेळा आले? त्या मुलांच्या हातात ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

‘शिका’ हा आदेश बाबासाहेबांनी डोळे तपासून दिला नव्हता. फळ्यामागचे डबे हलवायला त्या काळी शिक्षकांचा एक शब्द पुरला. आज फळ्यावरचं मोठ्याने वाचायलाही तेवढंच लागतं. उद्या आपल्या गावच्या शाळेत जा आणि शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते पाहा.

जय भीम!